चान्स कितलो?

यंदाच्या चवथीची गोष्ट. संध्याकाळची आरती आटोपली होती, घुमटे भिंतीला टेकवून ठेवली होती आणि ताटातली शेवटची नेवरी कुणी खायची यावरून मुलांत वाद रंगला होता. तेवढ्यात अमेरिकेहून मावसबहिणीचा फोन आला. ती मूळची फोंड्याची. गेली दहा वर्षे न्यूजर्सीत असते. माटोळीला यंदा काय काय बांधले, कुणाचा गणपती किती दिवसांचा, पाऊस थांबला की नाही, अशी सगळी चौकशी झाली आणि मग तिने मुख्य विषय काढला. तिची मुलगी यंदा बारावीला आहे आणि हार्वर्डला अर्ज करणार आहे.

“दादा, तूं वाचता, बरयता. खरें सांग, हिचो चान्स कितलो?”

मी हसलो. मटक्याचा आकडा सांगणारे गोव्यात गावोगाव भेटतात, मी त्यांच्यातला नव्हे. पण बहिणीचा आवाज हसण्यासारखा नव्हता. तिने फोन मुलीच्या हातात दिला.

भाचीने सगळे नीट समजावून सांगितले. अर्जासोबत साडेसहाशे शब्दांपर्यंतचा एक निबंध लागतो. तिने तो आजीवर लिहिला होता. दर दोन वर्षांनी फोंड्याला आली की ती आजीबरोबर बसून माटोळीच्या फळाफुलांची नावे वहीत उतरवी. आजी कोकणीतून नाव सांगे, आजोबा मराठीतून, आणि ही नंतर त्याचे शास्त्रीय नाव शोधून काढी. तीन रकाने. गणितात ही पोर हुशार, त्यामुळे कोणत्या वर्षी किती नावे वाढली आणि कोणती वस्तू बाजारात मिळेनाशी झाली, याचा हिशेबही तिने ठेवला होता. मला तर ऐकूनच ती वही पाहावीशी वाटली.

आई-वडिलांनी या अर्जासाठी एक सल्लागार धरला आहे. तासावर पैसे घेतो. त्याने निबंध वाचून बाजूला ठेवला. म्हणाला, आजी, गणित, सण, शास्त्रीय नृत्य हे सगळे भारतीय मुलांच्या अर्जात असते, वाचणाऱ्याला कंटाळा येतो. दुसरे काहीतरी लिही. गणिताची बक्षिसे खाली ने. थोडी कमी भारतीय दिस.

“मामा,” ती म्हणाली, “मी कमी इंडियन कशी दिसू?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. फोन ठेवल्यावर मात्र मला आपल्याच मातीतला एक मुलगा आठवला, शंभर वर्षांपूर्वी त्याच विद्यापीठात शिकलेला.

सांकवाळचे धर्मानंद कोसंबी आपल्याला ‘निवेदन’ या आत्मचरित्रामुळे ठाऊक आहेत. जन्म १८७६ चा. रीतसर शिक्षण जेमतेम. १८९९ साली त्यांनी घर सोडले ते बुद्धाचा धर्म समजून घेण्यासाठी. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे फिरत, कुठे अन्नछत्रात जेवत, कुठे विहारात राहत हा माणूस संस्कृत आणि पाली शिकला. त्यांच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी १९१० साली त्यांना हार्वर्डला बोलावणे आले, ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाच्या कामासाठी. याच कामासाठी १९१८ साली ते पुन्हा गेले तेव्हा त्यांच्यासोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या शाळेत तो शिकला, मध्यंतरी भारतात येऊन गेला, पुन्हा परतला आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेऊन बाहेर पडला. पुढे गणित, नाणकशास्त्र आणि भारताचा इतिहास या तिन्हींत त्याने काय केले, ते इथे सांगायला नको. पणजीत २००८ साली त्यांच्या नावाने विचार महोत्सव सुरू झाला तेव्हा आपण सगळे खुर्च्या पकडण्यासाठी लवकर जाऊन बसत होतो.

पण कोसंबी ज्या वर्षांत तिथे वाढत आणि शिकत होते त्या वर्षांत हार्वर्डच्या दारात काय चालले होते, हे आपल्या भाषणांत कधी येत नाही. भाचीच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

त्या आधी हार्वर्डचे दार मुख्यतः परीक्षेने उघडे. ठरलेल्या विषयांची प्रवेश परीक्षा द्या, उत्तीर्ण व्हा, फी भरा आणि आत या. श्रीमंत घरांतल्या मुलांना खास शाळा ही परीक्षा सहज पार करून देत, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. मग रशिया आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले बॉस्टनच्या साध्या सरकारी शाळांतून तीच परीक्षा पास होऊ लागली. बाप शिंपी नाहीतर फेरीवाला, आणि मुलगा लॅटिनमध्ये पहिला. १९०० च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी शंभरात सात होते, १९२२ पर्यंत ते एकवीस-बावीस झाले.

तेव्हाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल अस्वस्थ झाले. परदेशातून येणाऱ्यांवर निर्बंध घाला म्हणणाऱ्या संघटनेचे ते एक उपाध्यक्ष होते. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या पंधरा टक्क्यांवर रोखावी असा त्यांचा विचार होता. उघड कोटा ठेवायला प्राध्यापकांच्या समितीने १९२३ साली नकार दिला. तेवढ्याने लोवेल थांबले नाहीत. अर्जाच्या फॉर्मात नवे प्रश्न आले होते. वंश आणि वर्ण कोणता, धर्म कोणता, आईचे माहेरचे आडनाव काय, वडिलांचा जन्म कुठला, आणि तुमच्या जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का? हा शेवटचा प्रश्न पुन्हा वाचा. ज्यांनी कमी परके दिसावे म्हणून आडनाव बदलले होते त्यांना हुडकून काढण्याची ती सोय होती.

१९२६ साली पहिल्या वर्गाची संख्या हजारावर बांधली गेली आणि निवडीत ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन आले. अर्जाला फोटो लागू लागला, शिफारसपत्रे आणि मुलाखती महत्त्वाच्या झाल्या. काही वर्षांतच ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास येऊन बसले. एकाही नियमात ज्यू हा शब्द लिहावा लागला नाही.

कोसंबी याच काळात तिथे होते. १९१७ च्या कायद्याने भारतातून मजुरांनी अमेरिकेत येण्यावर बंदी आली होती, विद्यार्थ्यांना तेवढी सूट होती. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की भारतीय माणूस गोरा नव्हे, तेव्हा तो नागरिक होऊ शकत नाही. सांकवाळच्या या मुलाला हार्वर्डची पदवी मिळू शकत होती, त्या देशाचे नागरिकत्व मात्र मिळणार नव्हते. त्याच्या मित्रांत नॉर्बर्ट वीनर हा गणिती होता, तोही रशियातून आलेल्या एका ज्यू विद्वानाचा मुलगा.

आपण कोसंबींचा अभिमान बाळगतो तो योग्यच आहे. पण त्यांच्या बुद्धीबरोबर आणखी एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. हार्वर्डची वाट ठाऊक असलेला माणूस त्यांच्या घरातच होता. धर्मानंदांना ती वाट दाखवायला कुणी नव्हते, दामोदरला बापाने हात धरून नेले. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता आजच्या काळात येऊ. ‘व्यक्तिमत्त्व’ अजून तिथेच आहे. २०१४ साली स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स या संस्थेने हार्वर्डवर खटला भरला. आशियाई वंशाच्या मुलांवर अन्याय होतो, असा आरोप होता. खटल्यात हार्वर्डची कागदपत्रे बाहेर आली. अर्जदाराला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि वैयक्तिक गुण असे वेगवेगळे शेरे मिळतात. अभ्यासात आशियाई मुले पुढे, उपक्रमांतही मागे नाहीत. वैयक्तिक गुणांच्या शेऱ्यात मात्र प्रवेश कार्यालयाने त्यांना इतर गटांपेक्षा खाली ठेवलेले होते. गंमत अशी की प्रत्यक्ष समोर बसवून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांना गोऱ्या मुलांच्या बरोबरीचेच शेरे दिले होते. ज्यांनी मुलांना पाहिले त्यांना ती बरी वाटली. ज्यांनी फक्त कागद पाहिला त्यांना ती थोडी कमी वाटली.

यात हेतुपुरस्सर भेदभाव नाही, असे कनिष्ठ न्यायालयाने २०१९ साली म्हटले. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि प्रवेशात वंशाचा विचार करणेच बंद केले. आपल्याकडच्या अनेक अमेरिकावासी नातेवाइकांनी त्या दिवशी पेढे वाटले म्हणतात. मला तेवढा आनंद झाला नाही, कारण कृष्णवर्णीय मुलांसाठी जे थोडेसे दार किलकिले होते ते त्या निकालाने लोटले आणि खरी मोठी फाटके तशीच उघडी राहिली. माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांशी संबंधित खास यादी, प्राध्यापकांची मुले, निवडलेले खेळाडू, यांना निकालाने हात लावला नाही. खटल्यात आलेल्या आकड्यांनुसार माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाला प्रवेश मिळे, बाकीच्यांत शंभरात सहांना. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त या चार खास गटांतली होती.

आता बहिणीच्या प्रश्नाचे गणित करा. २०२४ साली हार्वर्डकडे सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि दोन हजारांहून थोड्या कमी मुलांना होकार गेला. शंभरात चारसुद्धा नाहीत. पण हा आकडा कुणाचा? जिचा बाप फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, जिच्या घराण्यात त्या विद्यापीठाला कुणी दमडी दिलेली नाही, जी नौका वल्हवत नाही की बर्फावर हॉकी खेळत नाही, तिच्यासाठी खास फाटक नाही. ती मोठ्या रांगेत उभी आहे. त्या रांगेत तिच्या पुढेमागे तिच्याइतकीच हुशार इतकी मुले आहेत की हार्वर्डने उद्या दुसरा वर्ग त्यांतून उभा केला तर कुणाला फरक कळू नये.

म्हणून मी बहिणीला म्हटले, आकडा विचारू नकोस. मटक्यात आकड्याला अर्थ असतो, कारण तिकडे आकड्याला मन नसते. इथे मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला लिहू दे जे लिहायचे ते. आजी लपवून मिळणाऱ्या प्रवेशापेक्षा आजीसकट मिळणारा नकार बरा.

हे वाक्य बोलून मी स्वतःवर थोडा खूश झालो होतो, खोटे कशाला सांगू?

बहीण क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “दादा, तुला तिथे बसून बोलायला सोपं आहे.”

तिने जे सांगितले ते मी इथे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याला या गोष्टी बहुधा ठाऊक नसतात. तिचा नवरा एच-वन-बी व्हिसावर आहे आणि मुलगी त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर. ग्रीन कार्डाच्या रांगेत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण सात टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत, आणि भारतीयांची रांग दशकांची आहे. सातव्या वर्षी त्या देशात गेलेली ही मुलगी एकविसाव्या वर्षी कायद्याने ‘मूल’ राहणार नाही. बापाची रांग तोवर संपली नाही तर तिची जागा त्या रांगेतून गेली. मग विद्यार्थी व्हिसा काढायचा आणि जिथे ती लहानाची मोठी झाली तिथे परदेशी पाहुणी म्हणून राहायचे. शिक्षणासाठी सरकारी मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, तिला नाही. अनेक विद्यापीठे तिचा अर्ज परदेशी विद्यार्थ्यांत धरतात, आणि पैसे मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला नाकारणे सोपे जाते. नागरिकत्व आणि ऐपत न बघता निवड करणारी आणि मग लागेल तितकी मदत देणारी विद्यापीठे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हार्वर्ड त्यांतले एक. २०२५ साली त्यांनी जाहीर केले की वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना शिक्षण शुल्क माफ.

“आम्हाला मिरवायला नको आहे ते नाव,” बहीण म्हणाली. “तिथेच तिला पैसे मिळतील, म्हणून तिथे. आजी लपवून हे होत असेल तर मी आजी लपवीन.”

या बोलण्यापुढे माझे सुभाषित पोकळ वाटले. त्यात आणखी २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच काढून घेण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाने ते रोखले. पण ज्या आईची मुलगी उद्या विद्यार्थी व्हिसावर जाणार आहे तिची झोप तेवढ्याने उडते.

तरीही माझे मत बदललेले नाही. फक्त कारण बदलले. सल्लागाराचा सल्ला नीतीच्या दृष्टीने वाईट आहे म्हणून मी विरोध करत नाही, तो इतिहासाच्या दृष्टीने चुकीचा आहे म्हणून करतो. १९२२ साली ज्यांनी आडनावे बदलली त्यांचे काय झाले? फॉर्मात आडनावाबद्दलच प्रश्न आला. दारावरचा माणूस ज्या गोष्टीला कंटाळतो ती आपण लपवली की तो नवी गोष्ट शोधतो. आज तो आजीला कंटाळला असेल, उद्या स्वयंसेवेच्या गोष्टींना कंटाळेल. त्याच्या मागे धावणाऱ्याची दमछाक होते आणि सल्लागाराचे तास वाढतात. २०२३ च्या निकालातही मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी एवढी मुभा ठेवली आहे की वंशामुळे आयुष्यात काय वाट्याला आले हे अर्जदार निबंधात लिहू शकतो. म्हणजे आता सगळा भार त्या निबंधावर आला. तो उसना असेल तर हातात राहिले काय? तीन रकान्यांची ती वही त्या पन्नास हजार अर्जांत दुसऱ्या कुणाची असणार नाही. तिची म्हणून जी एक गोष्ट आहे तीच काढून टाकायला तिला सांगितले जात होते.

काही मित्र म्हणतील, या भानगडी कशाला, सरळ परीक्षा घ्या आणि गुणांवर प्रवेश द्या. व्यक्तिमत्त्व नको, फोटो नको, आजी नको. आपल्याकडे असेच आहे आणि ते बरे आहे. मलाही बराच काळ असे वाटत आले. हे मत तपासायचे तर पुन्हा सांकवाळला यावे लागते.

धर्मानंदांच्या या गावच्या पठारावर, झुआरीनगरला, २००४ पासून बिट्स पिलानीचा गोव्यातला परिसर आहे. प्रवेश मुख्यतः बिटसॅट या परीक्षेच्या गुणांवर. देशभरातली हुशार मुले तिथे येतात. तिथे कुणी आडनाव विचारत नाही, आईचे माहेर विचारत नाही. आणि तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, बसवाले ज्याला अजून ‘बिर्ला’ म्हणतात तिथे, विजापूर, गदग, रायचूर अशा भागांतून आलेल्या कामगारांची दाट वस्ती आहे. गोव्यातल्या इमारती ज्यांनी उभ्या केल्या त्यांतले पुष्कळ जण असल्या वस्त्यांत राहतात. परीक्षा त्यांच्या मुलांनाही खुली आहे. पण अशी परीक्षा असते, तिचा अर्ज अमुक महिन्यात भरायचा असतो, तिच्यासाठी आठवीपासून गणित पक्के लागते, क्लासला लाख-दोन लाख मोजणाऱ्यांशी स्पर्धा असते, हे त्या घरात कोण सांगणार? धर्मानंदांच्या घरात तरी कोण होते सांगायला?

परीक्षा आडनाव बघत नाही हे खरे. पण परीक्षेपर्यंत कोण पोचले हेही ती बघत नाही. माणसांच्या हातात निवड दिली की त्यांच्या आवडीनिवडी आत शिरतात, आणि नुसत्या गुणांवर सोपवली की घरात वाट दाखवणारा कुणी असणे-नसणे आत शिरते. दोन्हीकडे बाहेरून आलेल्याचे मूल मागे पडते. गुण बघावेत, पण ते कुठून चालत येऊन मिळवले तेही बघावे, एवढेच मागणे रास्त आहे. आणि बघणाऱ्याने ते दयेने बघू नये. बाप पाथरवट असताना ऐंशी टक्के मिळवणारी मुलगी कदाचित पंच्याण्णववाल्याहून हुशार असेल, हा साधा हिशेब म्हणून बघावे.

आता जे लिहायचे आहे ते लिहायला मला थोडे जड जाते.

गेल्या वर्षी डिसेंबरात वास्कोच्या बाजूच्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत बक्षीस समारंभाला गेलो होतो. आपल्या मराठी शाळा टिकाव्यात म्हणून आपण किती लिहिले, किती सभा घेतल्या. त्या शाळांच्या बाकांवर आज कोण बसते, हे मात्र आपण फारसे बघत नाही. आपली नातवंडे तिथे नाहीत. अशा अनेक शाळांत पटावर मोठ्या संख्येने आहेत ती परराज्यांतून आलेल्या कामगारांची मुले, घरी कन्नड नाहीतर हिंदी बोलणारी. त्यांच्या जोरावर या मराठी शाळांची दारे उघडी आहेत.

त्या दिवशी चौथीतल्या एका मुलीने एकोणतीसचा पाढा सरळ म्हटला आणि मग कुणी न सांगता उलटा म्हटला. नंतर आई तिला न्यायला आली तेव्हा ती बाईंचे बोलणे आईला कन्नडमधून सांगत होती, आईचे बाईंना मराठीतून आणि मैत्रिणीशी कोकणीतून बोलत होती. तीन रकाने. तेव्हा मला ते सुचले नव्हते.

मी बाईंना म्हटले, ही हुशार दिसते. बाई मनाने चांगल्या, मुलांसाठी राबणाऱ्या. त्या म्हणाल्या, “हुशार आहे हो. पण भायली. दहावीपर्यंत टिकली तरी पुष्कळ.”

आणि मी मान डोलावली.

न्यूजर्सीतल्या त्या सल्लागाराने भाचीचा कागद पाहून जे केले तेच मी केले होते, आणि तेही फुकट. आपल्या मुलीला कुणी रांगेतला एक चेहरा समजू नये म्हणून मी फोनवर तावातावाने बोललो. दुसऱ्याच्या मुलीचा चान्स मात्र मी मान हलवून सांगून टाकला होता. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला म्हणजे काय, हे गोव्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या छोट्या प्रदेशाला आपल्या जागा जपाव्याशा वाटतात यात गैर काही नाही. पण त्या मुलीला दाखला लागेल तेव्हा लागेल. नववी-दहावीत तिला कोणत्या परीक्षेला बसव हे सांगायला कोणताही दाखला लागत नाही.

भाचीने परवा मेसेज पाठवला. निबंध आजीचाच जाणार आहे. आईशी दोन दिवस भांडण झाले, मग आईनेच बसून कोकणी नावांचे स्पेलिंग तपासून दिले. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत अर्ज जाईल. काय होईल ते होईल. नकार आला तर माझी बहीण मला चार शब्द सुनावणार आहे आणि ते मी ऐकून घेईन.

मी मात्र चवथ संपल्यावर त्या शाळेत पुन्हा जायचे ठरवले आहे. एकोणतीसचा पाढा म्हणणारी ती मुलगी आता पाचवीत गेली असेल. तिला कुठल्या हायस्कुलात घातले, एवढे बाईंना विचारायचे आहे.